दत्तू, तू जेवायला गेलास तेव्हा

दत्तू,

घाटावर तुझ्या दहाव्याला माईक माझ्या हातात होता आणि मी खोटं बोललो. म्हणजे जे बोललो त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. तसल्या खोट्यात मी तरबेज आहे, हे तुला ठाऊक असावं. असावं, एवढंच म्हणतो. तुला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे ताडण्यात माझी सहा वर्षं गेली, आणि आता विचारायची सोय उरली नाही.

इंद्रायणीच्या काठावर माणसं मावत नव्हती. चिखलीतली तुमची भावकी होती, कंपनीतले जुने लोक काठ्या टेकत आले होते, कुदळवाडीचे भंगारवाले आले होते. माजी नगरसेवकांनी तुझं नाव दोनदा चुकवलं. मग जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींपैकी एकजण उठला. तो म्हणाला, "दत्तोबांचा हात देवाचा होता. अख्ख्या आयुष्यात त्यांच्या हातून एकच इंजिन बिघडलं. एकच." लोकांनी माना हलवल्या. तुझी मुलगी सुरेखा पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली. त्यानंतर कुणीतरी म्हणालं, "आता त्यांचे सगळ्यात जुने मित्र, देवधरसाहेब," आणि माईक माझ्याकडे आला.

मी म्हणालो, "दत्तू माणूस म्हणून फार मोठा होता. चौतीस वर्षं आम्ही एका कंपनीत काढली. त्याच्यासारखा कारागीर पुन्हा होणार नाही." आणि बसलो. त्या एका इंजिनाबद्दल बोललो नाही.

आज बोलतो. ज्यांना इंजिनातल्या चेनबद्दल काही माहिती नाही त्यांनाही कळावं म्हणून सगळं सांगतो. तुला कंटाळा येईल, पण ऐकून घे.

कंपनीत तू इंजिनं जोडायचास आणि मी तपासायचो. ज्याने बसवलं त्यानेच तपासायचं नाही, हा आपल्या लाइनचा कायदा. माझं तपासून झालं की मी बोल्टवर पिवळ्या रंगाची टिकली लावायचो. टिकली लागली की त्या जागेला पुन्हा कुणाचा हात लागायचा नाही. तुझा नाही, फोरमनचा नाही, आणि माझाही नाही. हात लावायचाच असेल तर आधी चिंधीने टिकली पुसायची, मग हात लावायचा, मग पुन्हा तपासायचं. तू मला चिडवायचास, "इन्स्पेक्टर म्हंजी काय? दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं आन् बोटाला रंग लागला की घरी जायचं." मी म्हणायचो, "बोट घालतो म्हणून तुझं इंजिन कंपनीच्या गेटबाहेर जातं." त्यावर तू, "बरं बाबा, तुमी देव आन् आमी पुजारी."

रिटायर झाल्यावर मी प्राधिकरणाच्या वसाहतीतल्या घरात वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसलो होतो. तू तोवर घरामागच्या तुकड्यावर पत्र्याचं गॅरेज टाकलं होतंस आणि जुन्या मोटारी तुझ्याकडे मुंबईहून यायला लागल्या होत्या. एक दिवस तू स्कूटरवर आलास आणि म्हणालास, "साहेब, एक डबी पिवळा रंग आणून ठेवलाय. वाळून चाललाय." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी चिखलीला. तुला तपासणीसाची गरज नव्हती, दत्तू. मला तपासायला काहीतरी हवं होतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण आभार मानायचे राहून गेले.

तळेगावच्या डॉक्टरांची हिरवी गाडी सहा वर्षांपूर्वी आली. त्यांच्या वडिलांची गाडी, लांब नाकाची, माझ्या शाळेच्या वयातली. सकाळी थंड असताना सुरू केली की पुढून खडखड यायची, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. तू बॉनेट न उघडताच म्हणालास, "चेन ढिली झालीय. बदलाय लागंल."

इंजिनाच्या पुढच्या बाजूला आत दोन दातेरी चाकं असतात, एक खाली, एक वर. खालचं पिस्टनांबरोबर फिरतं आणि वरचं व्हॉल्व्ह उघडतं-मिटतं. दोन्हींवर सायकलच्या चेनसारखी एक चेन असते. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह मिटलेले हवेत, नाहीतर दोघांची टक्कर होते. म्हणून दोन्ही चाकांवर खुणा कोरलेल्या असतात, आणि खुणा जुळवूनच चेन घालायची. चेन एक दात जरी सरकली तरी इंजिनाचं वेळापत्रक चुकलं.

नवी चेन डॉक्टरांच्या भाचीने परदेशातून पाठवली. तीन दिवस आपण त्या इंजिनाचं तोंड उघडत होतो. मॅन्युअलमधलं इंग्रजी मी मोठ्याने वाचायचो, तू मान डोलवायचास, आणि मग तुला जे करायचं तेच करायचास. चौथ्या दिवशी दुपारी चेन बसली. तू मला हाक मारलीस. मी चष्मा पुसून वाकलो. खालची खूण जागेवर, वरची खूण जागेवर. दोनदा बघितलं. वरच्या चाकाच्या बोल्टवर पिवळी टिकली लावली.

मग तू एक वाक्य बोललास. ते तू असेपर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तू म्हणालास, "साहेब, आता कुणी फिरवायचं झालं तर सुलटंच फिरवायचं बरं का. टेन्शनरमधी तेल न्हाई अजून." टेन्शनर म्हणजे चेनला बाजूने दाबून धरणारा दट्ट्या. इंजिन चालू झालं की तेलाच्या दाबाने तो घट्ट होतो. तोवर तो लेचापेचा असतो. अशा वेळी इंजिन हाताने उलटं फिरवलं तर सगळी ढिलाई दट्ट्याच्या बाजूला जमते आणि चेन दातावरून उडी मारू शकते.

तेवढ्यात मागच्या दारातून वहिनींची हाक आली. तू हात पुसलेस. "चला साहेब, मासवडी हाय. गार झाली की चामडं व्हती."

मी म्हणालो, "तू हो पुढे. मी आलोच."

मी आलो नाही. का आलो नाही ते सांगतो. रंगाचा ब्रश पुसायला चिंधी हवी होती म्हणून मी तुझ्या टेबलाचा खण उघडला होता. आत तेलकट कागदात गुंडाळलेली एक चेन होती. कागदाचा कोपरा उलगडला होता आणि आतलं लोखंड नव्यासारखं चकाकत होतं.

दत्तू, मी चौतीस वर्षं संशयाचा पगार घेतला. वापरून झिजलेला माल घासून-पुसून नवा म्हणून विकणारे किती पुरवठादार मी गेटवरून परत पाठवले, तू बघितलेस. संशय हा माझा हातखंडा होता, आणि तो घरी जाताना मी कधी लॉकरमध्ये ठेवला नाही. ती चेन बघितली आणि क्षणात सगळं जुळलं: नवी चेन खणात आहे. मग इंजिनात काय आहे? जुनी. नवी कुदळवाडीला जाईल. आणि 'सुलटंच फिरवा' हे का सांगितलं? उलटं फिरवलं की ढिलाई दिसेल, म्हणून. तू मला सावध केलंस, आणि मी ते पुरावा म्हणून वहीत मांडलं.

चौतीस वर्षांची ओळख त्या खणासमोर दोन मिनिटंही टिकली नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच आहे. त्यानंतर जे झालं ते त्यातूनच झालं.

गियर तपासताना आम्ही इन्स्पेक्टर लोक ते दोन्हीकडे हलवून बघतो. पुढे थोडं, मागे थोडं. मधे किती खेळतं त्यावरून झीज कळते. हाताची सवय. मी मोठा पाना खालच्या नटाला लावला. पुढे फिरवलं. ठीक. मग मागे फिरवलं. चेन एका बाजूला लोंबली.

मला आनंद झाला. हे खरं आहे. 'सापडलास' असं वाटलं. खात्री करायला मी पाना जरा जोरात मागे ओढला आणि आतून आवाज आला. टक्. एकच.

मागून तुझ्या चपला वाजल्या. मी घाईने खालची खूण पुन्हा जागेवर आणली. वरची खूण बघितली. ती बाजूला दिसली. मी मान तिरकी केली, तेव्हा बरोबर दिसली. मान तिरकी करून माप घेणारा माणूस माझ्या हाताखाली असता तर मी त्याला त्याच दिवशी लाइनवरून काढला असता.

तुझ्या हातात डबा होता. "तुमी येत न्हाई म्हंटल्यावर हिनं भरून दिलं. खावा." मग इंजिनाकडे बघून विचारलंस, "टिकली हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो.

टिकली होतीच. मी ती पुसली नव्हती. तू पुन्हा वाकून बघितलं नाहीस, कारण टिकली असताना बघायचं नसतं. तू कव्हर लावलंस. मी कोपऱ्यात बसून मासवडी खाल्ली आणि रस्सा बोटाने पुसून घेतला.

एक वाक्य पुरलं असतं. 'दत्तू, मी फिरवलंय, एकदा बघ.' पण तू विचारलं असतंस, का फिरवलंत? आणि त्याला उत्तर एकच होतं: तू चोर आहेस असं मला वाटलं म्हणून.

पाच वाजता डॉक्टर आले. तू खणातून तो तेलकट कागद काढलास आणि त्यांच्या हातात ठेवलास. "ही तुमची जुनी चेन. दोनदा रॉकेलमधी धुतलीय, कपड्याला लागायची न्हाई. काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला बरा. मागनं इचार नको." डॉक्टर हसले, "अहो दत्तोबा, तुमच्यावर कोण संशय घेणार?"

मी तिथेच उभा होतो. तेव्हाही वेळ गेली नव्हती.

देहूरोडच्या पुढे चढावर गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी ती दोरीला बांधून परत आली. तू कव्हर उघडलंस. वरची खूण एक दात सरकली होती. चार व्हॉल्व्ह वाकले होते. डॉक्टरांचा चेहरा पडला होता. गाडीत वडिलांचा जीव होता, असं ते म्हणायचे. ते तुझ्याशी बोलले नाहीत. माझ्याकडे वळले. "देवधर, तुम्ही इथे होतात. तुम्ही तर तपासलं होतंत ना?"

मी म्हणालो, "मी तपासलं तेव्हा दोन्ही खुणा जागेवर होत्या."

बघ, एकही शब्द चुकीचा नाही.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. व्हॉल्व्ह हातात फिरवत म्हणालास, "व्हय. साहेबांनी तपासलंवतं. कव्हर लावताना माझ्याच हातनं काय झालं आसंल. मी करून देतो, डॉक्टर."

तू करून दिलंस, सगळं, स्वतःहून. डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. त्यांनी वाईट शब्द काढला नाही. फक्त कुणी विचारलं की म्हणायचे, "माणूस चांगला आहे हो, पण वय झालं. चेनचं काम नको द्यायला." जुन्या गाड्यांच्या मंडळींत हे एवढं पुरतं. वर्षभरात लांब नाकाच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. तुझ्या पत्र्याखाली टेम्पो आले, शाळेच्या व्हॅन आल्या, पंक्चर झालेल्या रिक्षा आल्या. तू त्याही त्याच हाताने केल्यास. पण स्पाइन रोडवरून एखादी जुनी गाडी गेली की तुझं बोलणं मधेच थांबायचं. ती वळणाआड जाईपर्यंत तू बघत राहायचास. मी चहात बघायचो.

आणि मग माझ्या डोक्यात दुसरा संशय शिरला. पहिल्यापेक्षा वाईट. तुला माहीत आहे का?

आठवड्याने तू सहज विचारलंस, "साहेब, तो मोठा पाना कुठं ठिवलावता तुमी?" तुझा पाना नेहमी खिळ्याला. मी त्या दिवशी तो इंजिनाजवळ विसरलो होतो. तू सहज विचारलंस की मुद्दाम? तुझ्या चेहऱ्यावरून काही कळेना. तू तर पाना शोधतच होतास.

तू मला तपासायला बोलावणं थांबवलं नाहीस. टेम्पोचा ब्रेक केलास तरी हाक, "साहेब, टिकली." हे प्रेम की टोमणा? रोज घरी जाताना मी तेच चघळायचो. दिवाळीला वहिनींच्या करंज्या आल्या. मी बायकोला म्हणालो, "काहीतरी मनात ठेवून देतोय तो." ती म्हणाली, "तुमच्या डोक्यात काय भरलंय? करंजीत सारण भरतात, खा." ती गेली त्या आजारपणात तू अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलास. माझे स्वतःचे भाऊ दोन दिवसांत कंटाळले. आणि मी तुझ्याकडे बघत मनात म्हणत होतो, हा माझ्यावर उपकारांचा ढीग रचतोय, एक दिवस वरून ढकलून देईल. तिच्या राखेचं मडकंही तू धरलंस, मी काही त्या अवस्थेत नव्हतो. तेव्हासुद्धा संशय गेला नाही. इतकं स्वच्छ कुणी वागतं तेव्हा माझ्यासारख्याला भीती वाटते.

तुला माहीत नसेल तर तू भोळा होतास आणि मी तुला फसवलं. तुला माहीत असेल तर तू सहा वर्षं वाट बघत होतास, मी कधी बोलतो याची. कोणतं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तू ऑक्सिजनवर होतास. नळी बाजूला करून म्हणालास, "साहेब, एक इचारू?"

"विचार."

"त्या दिशी जेवाया का न्हाई आलात?"

कोणता दिवस, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. निदान नाटक म्हणून तरी. मी म्हणालो, "पोट बरं नव्हतं रे."

तू म्हणालास, "आन् डबा तर पार पुसून खाल्लावता." आणि हसलास. हसता हसता खोकला आला, नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं. आपलं ते शेवटचं बोलणं.

दहाव्यानंतर तीन दिवस मी झोपलो नाही. चौथ्या दिवशी लोकलने तळेगावला गेलो. डॉक्टरांच्या पोर्चमध्ये हिरवी गाडी उभी होती, आरशासारखी पुसलेली. मी चहा न घेता सगळं सांगून टाकलं. खण, पाना, टक्, तिरकी मान. डॉक्टर ऐकत राहिले. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"देवधर, तुमच्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं."

मी म्हणालो, "डॉक्टर, मी खरं सांगतोय."

"असू द्या हो. माणूस गेल्यावर त्याचं नाव राखायला कुणीतरी पुढे यावंच लागतं. पण स्वतःवर कशाला घेता? त्यांनी दुसऱ्यांदा जे काम केलं त्याने आजवर एकदाही त्रास दिलेला नाही. मी त्यांना केव्हाच माफ केलंय."

दत्तू, मी आयुष्यभर खऱ्या माणसांवर संशय घेतला, आणि ज्या दिवशी खरं बोललो त्या दिवशी समोरच्याने माझ्यावर संशय घेतला. तोही चांगुलपणाचा. यापेक्षा मोठी शिवी मी खाल्लेली नाही. त्यांनी तुला माफ केलं म्हणे. कशाबद्दल?

परत येताना तिथूनच चिखलीला गेलो. सुरेखा चाकणची पहिली शिफ्ट करून आली होती आणि गॅरेजात एका व्हॅनखाली होती. तिच्या कंपनीत तीही इंजिनांच्या लाइनवर आहे, म्हणून तिला फार समजवावं लागलं नाही. 'मागे फिरवलं' म्हणताच ती व्हॅनखालून बाहेर सरकली आणि उठून बसली.

"टेन्शनरमध्ये तेल नसताना?"

"हो."

"बाबांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

तिने हातातला पाना जमिनीवर ठेवला, आपटला नाही. "काका, सहा वर्षं माझे बाबा टेम्पोचे ब्रेक करत होते."

ती चिंधीने हात पुसू लागली.

"मी त्यांना म्हणायची, बाबा, चूक कशी झाली तुमच्याकडून? दर वेळी म्हणायची. भांडायची. ते म्हणायचे, होते एखाद्या वेळी. तुम्ही इथे चहा पीत बसलेले असायचात."

तिने डॉक्टरांसारखा माझ्यावर अविश्वास दाखवला नाही. सगळ्या जगात तुझी मुलगी एकटीच निघाली, जिने माझं म्हणणं शब्दन् शब्द खरं मानलं.

"लिहून द्या," ती म्हणाली. "तुमचं नाव घालून. त्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना, सगळ्यांना पाठवते आणि इथे भिंतीवर लावते. आणि काही दिवस येऊ नका. किती दिवस, ते विचारू नका."

मी घरी येऊन लिहिलं. वर आहे ते सगळं, त्या दिवसाची टक्, तुझा डबा, डॉक्टरांचं माफ करणं. आज सकाळी पानं घेऊन गेलो, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा मधलं एक पान काढलं.

"काका, इथे काहीतरी राहिलंय."

"काय?"

"पाच वाजता डॉक्टर आले, बाबांनी जुनी चेन दिली. आणि पुढच्याच ओळीत गाडी देहूरोडला बंद पडली." ती माझ्याकडे रोखून बघत होती. तशी नजर मी कंपनीत दुसऱ्यांवर रोखायचो. "मधे गाडी सुरू केली असेल ना? बाबा बॉनेटवर हात ठेवून ओळखायचे, कुठला प्लग थकलाय. एक दात चुकलेलं इंजिन त्यांच्यासमोर चाललं आणि त्यांना कळलं नाही?"

मी ते पान तिच्या हातून घेतलं.

"त्यांना कळलं नाही असंच लोक वाचतील, काका. चूक तुमची असली तरी. वय झालं होतं, कान गेले होते, असंच म्हणतील."

हे मी कबुलीतूनसुद्धा गाळलं होतं, दत्तू. टक् झाली ती चुकून. तिरकी मान भीतीने. पण हे मी पूर्ण शुद्धीत केलं, सगळ्यांसमोर, आणि जुनी चेन डॉक्टरांच्या हातात बघितल्यानंतर केलं. म्हणून ते लिहिताना पेन त्यावरून उडी मारून पुढे गेलं. तिने आत बोलावलं, गॅरेजातल्या टेबलाशी बसून आता लिहितो आहे, ती समोर उभी आहे.

गाडी तू सुरू केलीस. डॉक्टर खूष झाले, खडखड गेली होती. तू मात्र हसला नाहीस. बॉनेटच्या कडेवर तळवा ठेवून तू उभा राहिलास, डोळे मिटून, मिनिटभर. मग इंजिन बंद केलंस आणि म्हणालास, "डॉक्टर, आजची रात गाडी हितंच राहू द्या. मला हे पुन्हा उघडायचंय. आवाज पटंना."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "अहो, आईला दाखवायचीय आज. वाट बघतेय ती."

तू माझ्याकडे वळलास. "साहेब, तुमी सांगा. उघडू या का?"

मी म्हणालो, "दत्तू, नवी चेन आहे, बसायला वेळ घेईल. मी तपासलंय."

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग खिशातून किल्ली काढून डॉक्टरांच्या हातात दिलीस.